चार बोटं पिवळी

हळदीचा डबा उघडला की मला स्वातंत्र्याच्या आधीची, सांगलीच्या पेठेतली एक दुपार आठवते. मामांच्या हळदीच्या दुकानात मी नवा होतो आणि माझे तळहात बारा महिने घामाने ओले असत. उन्हाच्या तिरिपीत पिवळी धूळ संथ तरंगत होती, माणसं त्या धुळीत पोहल्यासारखी हिंडत होती. सौदा उपरण्याखाली व्हायचा. शेतकऱ्याची जितकी बोटं धरावीत तितका भाव, म्हणजे दुसऱ्या व्यापाऱ्याला तो कळत नसे. मामांनी मला पहिल्यांदाच पुढे बसवलं. हात कोरडा व्हावा म्हणून मी तो हळदीच्या भुकटीत घोळला आणि तासगावकडच्या एका म्हाताऱ्याची चार बोटं धरली. त्याने नकारार्थी मान हलवून हात बाहेर काढला, तर चार बोटं पिवळीधमक आणि अंगठा कोरा. शेजारच्या व्यापाऱ्याने ती पाहिली, उपरण्याखाली हात घातला आणि शांतपणे पाचही बोटं धरली. माल त्याला गेला आणि मामांनी माझ्याकडे डोळे वटारले. जाताना म्हातारा म्हणाला, "आवं शेठ, पोराला रागवू नगा. फुडल्या सालीबी ह्यालाच बसवा." आता माझे हात कोरडे पडलेत. मघाशी तळहातावर चिमूटभर हळद घेतली, तर साध्या फुंकरीने सगळी उडून गेली.