आत्याबाईंचा हात

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंच्या हाताला गुण होता. कुणाची बेंबी सरकली, कुणाच्या पोटात गोळा उठला, की पार मानवतहून माणसं यायची. उपाशीपोटी आडवं करायचं, एरंडेल लावून चोळायचं, की माणूस हसत घरी.

लेक चार वर्षांची होती. आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली घट्ट काहीतरी माझ्या हाताला लागलं. दाबलं तरी दुखत नव्हतं. मी म्हटलं, परभणीला दाखवून आणू. नवरा म्हणाला, कापूस वेचून झाला की जाऊ. आत्याबाई म्हणाल्या, घरात इलाज असताना दवाखाना कशाला? घरात दोन शहाणे असले की तिसरीला कोण विचारतं! रोज सकाळी चोळणं सुरू झालं. पोरीला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळायची. गोळा वाढत गेला.

कापूस घरात आला आणि पोरीला लाल लघवी झाली. परभणीत सोनोग्राफी झाली, तिथून संभाजीनगरला पाठवलं. मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट कुणी चोळलं का?

"म्या," आत्याबाई म्हणाल्या.

बाई रागावल्या नाहीत. असा गोळा दाबायचा नसतो, आत फुटू शकतो. पण चोळल्यानंच पसरला असं सांगता येणार नाही, म्हणाल्या. गोळा हाताला लागताच आणलं, तर बहुतेक लेकरं यातून बरी होतात. आता तो फुप्फुसात पोचला होता. पोटाला कुणी हात लावू नका, असं त्यांनी बजावलं.

मला आत्याबाईंचा राग आला, अजून येतो. नवऱ्याचा जास्त येतो, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही.

औषधं झाली, ऑपरेशन झालं. वर्षभरानं दुखणं परत उलटलं. आता घरी न्या, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघा नवरा-बायकोला आत बोलावून सांगितलं आणि कळा थांबायचं औषध तेवढं दिलं.

घरी पोरीचं एकच चालायचं, "आजी, पोट चोळ ना." आत्याबाई पदराखाली हात घेऊन लांब बसायच्या. डॉक्टरीणबाईंचा शब्द त्यांनी मोडला नाही.

एका सकाळी मी एरंडेलाची वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"चोळा, आत्याबाई."

"बाई न्हाई म्हनल्या व्हत्या."

"आता चालतंय," मी म्हणाले. "हळू चोळा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. पोर राहणार नाही, हे आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते त्यांना तेव्हा कळलं.