तारखेलाच दगा देणारा ब्रेक

ज्ञानू फिटरनं आयुष्यात कुठल्या नटबोल्टावर विश्वास ठेवला नाही, मग माणसावर काय ठेवणार? महायुद्धात इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी वर्कशॉपात चार वर्षं ट्रकांखाली पाठ घासून तो कराडला परतला, ते ही खोड घेऊनच. गाडी दुरुस्त झाली की तेलात शेंदूर कालवायचा आणि प्रत्येक नटावर एक आडवी रेघ मारायचा, निम्मी नटावर, निम्मी लोखंडावर. कुणी पान्हा लावला तर रेघ तुटणार. गिऱ्हाईक विचारायचं, फिटर, हा कसला देव बसवला? ज्ञानू म्हणायचा, चोर धरणारा. त्याची बायको शालूबाई शेजारणींना सांगायची, आमच्याकडं पिठाच्या डब्यात पीठसुद्धा बोटानं खूण करून ठेवलेलं असतं.

उंब्रजच्या वाटेवरच्या एका गावचे लालासाहेब, त्यांची गाडी त्याच्याकडं आली ती युद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, शिमग्याच्या सुमाराला. पंधरा वर्षांची जुनी अमेरिकन गाडी, बैलगाडी जुंपून उभी करावी एवढी लांब. वजन असं की नुसत्या पायानं थांबवायला पैलवान पाहिजे. म्हणून तिच्या पोटाखाली एक लोखंडी नळकांडं होतं आणि त्यात दट्ट्या. इंजिन चालू असलं की ते नळीतून नळकांड्यातला वारा ओढून घ्यायचं, दट्ट्या सरकायचा, आणि ड्रायव्हरनं नुसता चवडा टेकवला तरी गाडी जागच्या जागी. दट्ट्याच्या कडेला कातड्याचा वायसर, वारा अडवणारी चकती. त्यातनं वारा निसटला की मदत संपली, पायाखाली दगड.

तो वायसर फाटला होता. नवा मुंबईतसुद्धा मिळेना. ज्ञानूनं नळकांडं सोडवलं, आतला गंज खरवडून आरशासारखं केलं, नळी बदलली. वायसरासाठी कातडं कमावणाऱ्या हरिबाकडनं मोटेचं कातडं आणलं. विहिरीची मोट दिवसभर पाणी ओढती, तिला काय होतंय? लाकडाच्या ठोकळ्यावर भिजवून बसवलं, कापलं, घातलं. ब्रेक लोण्यासारखा झाला. मग शेंदराच्या रेघा मारल्या आणि गाडी दिली.

लालासाहेबांचा मळा कृष्णेच्या पल्याड. रोज गाडी नदीच्या उतारातनं, गुडघाभर पाण्यातनं जायची-यायची. कोंडीबा ड्रायव्हर सांगायचा, अंगठ्यानं थांबतीया. असे पंधरा दिवस गेले आणि साताऱ्याच्या कोर्टात तारीख लागली. लालासाहेबांचा चुलतभाऊ भाऊसो याच्याशी बांधावरनं सात वर्षं दावा चालू होता. कागद बघत लालासाहेब चार दिवस घरातच बसले, पाचव्या दिवशी निघाले. पोवई नाक्याच्या उतारावर ब्रेक दगड झाला. कोंडीबा दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिला तेव्हा कुठं गाडी एका कडब्याच्या गाडीत तोंड खुपसून थांबली.

परत येऊन मळ्यात गेले तर ब्रेक झकास.

लालासाहेबांच्या डोक्यात त्याच दिवशी किडा शिरला. पुढच्या तारखेआधी आठवडाभर गाडी गोठ्यात कुलपात ठेवली, दाराशी राखणीला माणूस बसवला. तरी तारखेदिवशी पुन्हा तेच. या वेळी तर कोर्टाच्या भिंतीला घासली. तिसऱ्या तारखेला ते भाड्याच्या मोटारीनं गेले आणि येताना पुढं कराडला ज्ञानूच्या वर्कशॉपाच्या छपराखाली उतरले.

लालासाहेब म्हणाले, मळ्यात मी एकटा असतो तवा बिघडत न्हाई, भाऊसोच्या तोंडावर जायचं म्हटलं की बिघडती. गाडीला कोर्टाची तारीख कोण सांगतं? मग आवाज खाली घेऊन त्यांनी कोंडीबाचं नाव घेतलं. त्याचा भाचा भाऊसोच्या मळ्यावर कामाला. उंब्रजच्या बाजारात दोघा मामा-भाच्यांना एका बाकड्यावर चहा पिताना कुणीतरी पाहिलं होतं. काम अर्धं राहिल्यानं सोमवारचीच पुढची तारीख पडली होती; त्याच दिवशी ते फौजदाराकडं अर्ज देणार होते, आणि त्याखाली ज्ञानूनं सही करायची, की जाणकारानं पाहिलं, कुणीतरी मुद्दाम ब्रेक ढिला केलाय.

ज्ञानूला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. कोंडीबाचं गप्प राहणं त्याला पहिल्यापासून खटकत होतं. साठीला आलेला माणूस, गाडी धुताना एकटाच तिच्याशी पुटपुटायचा. असला माणूस मनात काय ठेवतो कुणास ठाऊक.

रात्री जेवताना त्यानं शालूबाईला सांगितलं. तिनं भाकरी मोडत विचारलं, "रेघा तुटल्यात का?"

"बघतो उद्या."

"न बघताच सही करायला निगाला व्हता?"

शुक्रवारी त्यानं गाडी मागवली. कोंडीबाच घेऊन आला, कुलपातल्या गोठ्यातनं थेट, हळू हळू, हँडब्रेकवर. ज्ञानू गाडीखाली सरकला. एकूण एक रेघ जागेवर. शेंदराला साधा तडासुद्धा नाही. त्याला वाटलं, कोंडीबानं शेंदूर आणून रेघा नव्यानं मारल्या असतील. नखानं खरवडून पाहिलं. खालचा थर त्याच्याच हातचा, वर धूळ बसलेली. कोंडीबा बाहेर चाकाला टेकून विडी ओढत होता.

नळकांडं उघडलं. वायसर हातात घेतला तर लाकूड. कडा आत वळलेल्या, नळकांड्यापासून करंगळी जाईल एवढ्या सुटलेल्या. ज्ञानूचा संशय उडी मारून दुसऱ्या झाडावर गेला. हरिबानं कुजकं कातडं दिलं. वायसर मुठीत धरून तो तसाच त्याच्या दारात गेला.

हरिबा चुन्याच्या रांजणापाशी बसला होता. कातडं बघून त्यानं बोटावर वाजवलं आणि म्हणाला, "फिटर, ह्ये कोरडं ठिवलंसा व्हय?"

"गाडीत घातलंय. गाडीत काय पाणी असतंय?"

"मोटंचं कातडं हाय ह्ये. पाणी पितं तवर मऊ. चार रोज वाळलं की आवळतं. बैल सुटल्यावर मोट हिरीवर वाळली तर सकाळी भिजवल्याबिगर कोण जुंपतं का? आवं, मी इचारलं व्हतं, कशाला पायजे. तुमी म्हनलासा, तुला काय करायचंय."

ज्ञानूला ते आठवलं. हरिबा कातडं लपवून महाग लावेल, म्हणून त्यानं कामच सांगितलं नव्हतं.

घरी येईपर्यंत त्याला सगळं कळलं. रोज नदीतनं जाताना वाऱ्याच्या भोकातनं नळकांड्यात पाणी शिरायचं, कातडं फुगून बसायचं. तारखेआधी गाडी गोठ्यात वाळायची, वर साताऱ्याचा लांब रस्ता आणि इंजिनाची धग. लालासाहेब जितकी राखण वाढवत होते, तितकं कातडं आवळत होतं.

आता सही न करणं सोपं होतं. पण नुसती सही न करून भागणार नव्हतं. लालासाहेब दुसऱ्या कुणाची घेतील आणि कोंडीबा चावडीवर बसेल. खरं सांगावं तर ज्ञानूचं स्वतःचं नाव कराडपासून उंब्रजपर्यंत बद्दू व्हायला एक बाजार पुरे होता. रात्रभर कूस बदलून त्यानं शनिवारी सकाळी तोच वायसर परत बसवला आणि गाडी घेऊन लालासाहेबांच्या अंगणात गेला.

"लालासाब, चूक माझी हाय," तो म्हणाला. "कोंडीबाची न्हाई."

लालासाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊसो कवा भेटला तुला?"

आयुष्यभर ज्ञानू लोकांकडं असंच पाहत आला होता, पण त्या नजरेखाली उभं राहायची ही पहिलीच वेळ. त्यानं लालासाहेबांनाच गाडीत बसवलं, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबायला सांगितला. सगळा भार टाकला तरी पेडल हललं नाही. मग लालासाहेबांच्या बायकोकडनं, हरणाबाईकडनं, घागरभर पाणी मागितलं, नळकांड्यात ओतलं आणि सगळ्यांना जेवून यायला सांगितलं. जेवण झाल्यावर लालासाहेबांनी पुन्हा पाय टेकवला. पेडल गपकन खाली गेलं.

त्यांनी तीनदा दाबून पाहिलं. मग उतरले, वाकून गाडीखाली पाहिलं, कोंडीबाकडं पाहिलं, ज्ञानूकडं पाहिलं. अर्ज फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला.

"नवं कातडं बशीव," ते म्हणाले. "आन सोमवारी तू बी चल. म्होरच्या शिटावर. इथनं पुढं दर तारखेला."

हरिबानं तेल पाजलेलं वासराचं कातडं दिलं. ज्ञानूनं या वेळी त्याला गाडीखाली नेऊन काम दाखवलं, आणि ठोकळ्यावर कातडं हरिबानंच बसवलं. रविवारी संध्याकाळपर्यंत ब्रेक तयार झाला. ह्या दोन दिवसांत ज्ञानू दिसला की कोंडीबा उठून दुसरीकडं जायचा. अर्जाची गोष्ट त्याला कळली होती, आणि त्याखाली कुणाची सही लागणार होती तेही.

सोमवारी पोवई नाक्याचा उतार आला. मागं लालासाहेब दाराची कडी धरून बसलेले. खाली माणसं, टांगे, एक म्हैस. ज्ञानूची नजर कोंडीबाच्या पायावर खिळलेली. कोंडीबानं चवडा टेकवला, गाडी म्हशीच्या हातभर अलीकडं अलगद उभी राहिली.

"आता वर बघ," कोंडीबा समोर बघतच म्हणाला. "पाय माझा हाय, त्याला रेघ मारता येत न्हाई."

ज्ञानूनं वर पाहिलं. म्हैस निवांत रस्ता ओलांडत होती. ती पार पलीकडं गेल्यावर कोंडीबानं चवडा उचलला, आणि ज्ञानूनं खाली पाहिलं नाही.