डावखुरी रेघ

आमच्या समोरच्या दारातली बाई जखमा करून पोट भरते. 'जखमवाली' हे नाव मीच पाडलं, तेही तिच्या तोंडावर. जखमा माणसांना नाही हो, काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीच्या पेशींना. पेशींचा थर दाट झाला की बारीक नळीच्या टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा आणि दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत तो कसा बुजवतात, ते सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं.

"एवढं शिकून ओरखडे काढतेस? आमचं मांजर फुकटात काढतं," मी म्हणायची. ती हसायची. तिचे वडील पायाच्या जखमेने वर्षभर अंथरुणाला खिळले होते. म्हातारी कातडी भरून यायला इतकी का रेंगाळते, हे खूळ तिच्या डोक्यात तेव्हाच शिरलं.

पेशी म्हणजे तान्ही बाळंच. दिवसाआड त्यांना खाऊपिऊ घालायचं, रविवार असो की ताप असो. तिची लेक फुरंगटायची, "माझ्यापेक्षा त्यांचेच लाड जास्त!"

शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण काम करायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. लेक तिला मावशी म्हणे, आणि मावशी घरात आली की थेट स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायची. मला ती पहिल्यापासून गोडबोली वाटायची, पण माझं कोण ऐकतं? मला सगळेच तसे वाटतात.

गेल्या थंडीत जखमवालीला हवं ते सापडलं. म्हाताऱ्या पेशींना एक ठरावीक द्रव्य दिलं की त्यांचा ओरखडा तरुण पेशींसारखा झपाट्याने मिटतो! मावशीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. नेमक्या तेव्हाच तिच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि हिला गावी धावावं लागलं.

"पेशींकडे तेवढं बघशील ना?" तिने मावशीला विचारलं.

"वेडी आहेस का? जा तू निश्चिंत."

परतली तेव्हा प्रयोगशाळेत बैठक चालू होती. मावशी पडद्यावर चित्रं दाखवत होती, खाली नावं दोनच, मावशीचं आणि दोघींच्या वरिष्ठ सरांचं. आमची बाई डावखुरी, तिचा ओरखडा खाली येता येता जरासा कलतो. पडद्यावरचा प्रत्येक ओरखडा तसाच कललेला. आपलं अक्षर ओळखावं तसे तिने ते ओळखले.

बैठक संपल्यावर ती सरांकडे गेली. "सर, ते ओरखडे माझ्या हातचे आहेत."

"अगं, ओरखड्यावर कुणाचं नाव असतं का? प्रयोगशाळा सगळ्यांचीच." सर चष्मा पुसत म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. हवं तर तिसरं नाव तुझं घालू."

म्हणजे सरांना ठाऊक होतं!

"नको," म्हणून ती घरी आली, ती जेवेचना. शेवटी तिच्या नवऱ्याने माझं दार वाजवलं. "वहिनी, तुम्ही तरी हसवा हिला."

गेले. सरांची नक्कल केली, मावशीच्या डबे उघडण्याची केली. एरवी पोट धरून हसणारी बाई भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेशी उपाशी मारल्या असत्या तर बरं झालं असतं गं. इतक्या जिवापाड सांभाळल्या होत्या तिने."

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा! मी खुणेनेच सांगितलं, स्पीकर लाव.

"अगं, शोध छापणाऱ्या मासिकाने प्रयोग परत करून मागितलाय. माझ्या हातून ओरखडा मिटतच नाहीये. द्रव्य देण्याआधी तू नेमकं काय करतेस?" आवाज असा, जणू काल रात्रीच इथे जेवून गेली.

जखमवालीचं तोंड उघडलं. पेशींबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर तिच्या ओठांवर आपसूक येतं, तसंच आलं. "ते आधी..." एवढं बोलली आणि थांबली.

"हं, आधी काय?"

"सरांना विचार."

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आतून लेक ओरडली, "आई, मावशी होती का?"

"नाही गं," ती म्हणाली. "कामावरचं कुणीतरी."