वर गेलेली माणसं

आमच्या साडूभाऊंइतका अंतराळात रमलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि स्वतः हे गृहस्थ आगगाडीने सालेकशाच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. फुलचूरला त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक शर्टपीस चाचपत असलं की हे मोबाइलमधून डोकं न काढता म्हणणार, "तिकडे कपडे धुतच नाही जी. मळले का फेकून देतेत." आता सांगा, कापड विकणाऱ्याने सांगायची गोष्ट आहे ही? कुणी चहा पुढे केला, तर वरची मंडळी आपलंच मूत गाळून पुन्हा पितात हे आधी ऐकावं लागे, आणि मग तो चहा घशाखाली उतरत नसे.

खरा घोळ व्हायचा तो त्यांच्या बोलण्यामुळे. 'अंतराळवीर' हा शब्द त्यांच्या तोंडात काही बसेना, म्हणून ते सरळ 'वर गेलेली माणसं' म्हणत. माझ्या पुतणीला पाहायला आलेला मुलगा जरा बुटका निघाला. साडूभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "उंचीचं टेन्शन कायले घेता? मानूस वर गेला का दोन बोटं वाढते." तिथे पाठीचा कणा सैल होतो, एवढं सांगेपर्यंत मुलाची आई पोह्यांची बशी ठेवून उठली होती. एका तेरवीला तर कहरच केला. पंगतीत बसून म्हणे, "वर गेलेल्यायले अन्न अळणी लागते. नाक चोंदते न! तिखट मागतेत बिचारे." हे ऐकून ती विधवा माउली आत गेली आणि नवऱ्याच्या नावाने काढून ठेवलेल्या पानावर मिरचीचा ठेचा वाढून आली. मी शरमेने मेलो. ती मात्र म्हणाली, "बरं झालं भाऊनं सांगतलं. ह्यायले तिखटच लागे."

मग त्यांच्याच घरावर पाळी आली. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, तिला लकवा मारला. डावं अंग गेलं. आता उठणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साडूभाऊ ऐकतात होय! "वरून आलेल्यायले बी चालता येत नाही. खुर्चीत टाकून नेतेत. मंग चालतेत का नाही?" वर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ती माणसं पट्टे ओढतात, तर यांनी खाटेला सायकलची ट्यूब बांधली आणि रोज सकाळी ताईला पाय ओढायला लावलं. ती वैतागे. "मी कवा वर गेली होती जी? मले काऊन छळून राहिले?" पण ओढायची. एकदा भिंत धरून उभी राहिली, तर या माणसाने गल्लीभर पेढे वाटले. ती चालणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती, आणि ती घालणं आमच्याच्याने होईना. त्यानंतर दुसरा झटका आला.

शेवटच्या दुपारी आम्ही खाटेभोवती बसलो होतो. ताईने डोळे उघडले आणि जड जिभेने विचारलं, "वर भेव लागते का जी?"

आपण इतकी वर्षं काय बोलत होतो, ते साडूभाऊंना त्या क्षणी उमगलं असावं. त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. "नाही लागत. खाली एक मानूस बसला राह्यते. तो सारखा बोलत राह्यते त्यायच्याशी. एकटं सोडतच नाही."

आणि ते बोलू लागले. दुकानात सकाळी कोण आलं, परसातल्या वांग्याला कशी फुलं धरली, शेजारणीने तुझी चौकशी केली. ताईचा श्वास थांबला, तरी बोलतच होते. शेवटी माझी बायको रडत म्हणाली, "भाऊजी, ताई गेली हो. पुरे करा आता."

"थांब जराशीक," ते म्हणाले. "वरून जवाब याले टाइम लागते."

त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही थांबलो.