एका स्टेशनाचं अंतर, पाण्यातून

वैजूताई पुण्यात वारल्याचा मेसेज इथल्या, जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या मराठी ग्रुपवर सकाळी आला, आणि दहा मिनिटांत त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘सुटली बिचारी.’ मी इचिकावाला ऑफिसात होते. फोन उलटा ठेवला... मग पुन्हा उचलून लिहिलं, ‘बिचारी म्हणू नका.’ याला सहा आठवडे झाले. त्यावरून दोघीतिघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही.

ताई पन्नाशीत जपानला आल्या, नवऱ्याच्या, श्रीकांतदादांच्या नोकरीपायी. त्यांची नि माझी इमारत एकच, जुन्या कालव्याच्या काठावर आहे आणि तिथं रविवारी कयाक चालवणाऱ्या निवृत्त म्हाताऱ्यांचा एक गट जमतो. तिसऱ्याच महिन्यात ताई त्यांच्यात जाऊन बसल्या, मागाहून मलाही ओढलं. जपानी येत नव्हतं, पोहताही येत नव्हतं. “जाकीट असतं ना!” एवढंच म्हणायच्या. गटाचे प्रमुख ओकुमुरा-सान यांनी त्यांना सांगितलं, की आपला कालवा आणि नदीपलीकडचा कालवा हा पूर्वी एकच जलमार्ग होता. मिठाच्या होड्या त्यातून थेट शहरात जायच्या. पुढे मधून रुंद नदी खोदली आणि त्याचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून ताईंनी एकच धरून ठेवलं. पलीकडे जायचं, तेही होडीने.

मग ताईंचा जुना, बरा झालेला कॅन्सर उलटला. पुण्याला जाऊ, तिथं आपली माणसं आहेत, असं दादा म्हणत होते. मी तेव्हा त्यांच्या घरीच होते.

“आधी नदी,” ताई म्हणाल्या.

“अगं, ट्रेनने एक स्टेशन आहे ते!”

“ट्रेन नदीवरून जाते. मला नदीतून जायचंय.”

डॉक्टरांना विचारलंत का, मी मध्येच म्हटलं. “विचारलं की. ते नको म्हणाले,” असं म्हणून ताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. दोघींची कयाक, ताई पुढे, मी मागे, ओकुमुरा-सान त्यांच्या होडीत शेजारून. आमच्या कालव्याचं तोंड आता बंद आहे, म्हणून होडी बांधावरून उचलून पाण्यात सोडली. तिथं नदीचे दोन प्रवाह एका लांब बांधाच्या दोन्ही अंगांनी वाहतात. बांध संपेपर्यंत खाली जायचं, वळायचं आणि पलीकडच्या प्रवाहातून वर यायचं. वळलो आणि वारा तोंडावर आला. एक मालवाहू बोट गेली, तिच्या लाटेने ताई कमरेपर्यंत भिजल्या. त्यांचं वल्हं थांबलं. ओकुमुरा-साननी दोर पुढे केला, तर ताईंनी हातानेच नको म्हटलं.

“ताई, परत फिरूया,” मी म्हणाले. खरं सांगते, मला रडू येत होतं.

“परत जायलाही तेवढंच वल्हवायचंय,” मागे न बघता त्या म्हणाल्या. “मग पुढेच जाऊ. तू मोज, मी मारते.”

मी मोजत राहिले. वीस झाले की त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा वीस... असं करत लॉकपाशी पोचलो. नदी आणि कालवा यांच्या पाण्याची पातळी वेगळी, म्हणून मध्ये दोन प्रचंड दरवाजे आहेत. मागचा बंद झाला, पाणी उतरू लागलं, ओल्या भिंती दोन्हीकडून उंच होत गेल्या. अन् वर कठड्याशी दादा उभे! येणार नाही म्हणून ठणकावून सांगितलेले दादा, त्या एका स्टेशनाचं तिकीट काढून आले होते. पुढचा दरवाजा उघडला. समोर कालवा होता, सरळ, शांत. “आता न्या कुठं न्यायचं ते!” ताई खालून ओरडल्या.

पलीकडेच उतरून त्या दादांबरोबर ट्रेनने घरी गेल्या आणि पुढच्या महिन्यात पुण्याला.

दादा आता एकटेच परतलेत. गेल्या रविवारी आम्ही दोघं गटाच्या शेडमध्ये गेलो. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी टांगलेली असते. माणूस पाण्यात असला की लाल बाजू, काठावर आला की काळी. ताईंची पाटी त्या ऑक्टोबरापासून लालच. दादांनी ती उलटायला हात पुढे केला. आपली पाटी आपणच फिरवायची, असा इथला नियम आहे, ओकुमुरा-सान हळू आवाजात म्हणाले. दादांनी हात मागे घेतला.

“राहू दे,” ते मला म्हणाले. “न विचारता तिच्या वस्तूंना हात लावलेला तिला चालायचा नाही.”