मोठा कॅम, बसका पिस्टन

दुबईच्या कंपनीने २००९ साली वासुदेव सबनिसांना नारळ दिला, त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं, की हॉलमधली मोटारसायकल सुरू झाल्याशिवाय आपण दाढी करणार नाही. नोकरी गेलेल्या माणसाने काहीतरी बोलायचंच, म्हणून विभावरीने ते ऐकून घेतलं. ती शारजात शाळेत शिकवायची. वासुदेव बायकोच्या व्हिसावर आले आणि दाढी वाढू लागली.

मोटारसायकल बाबा आदमच्या जमान्यातली, एका सिलिंडरची. लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून ती चौथ्या मजल्यावर आणली होती. वॉचमनला ते व्यायामाची सायकल म्हणाले. वर्षभर किका मारणं चाललं, तेव्हा ते अगदीच खोटं ठरलं नाही. इंजिन मात्र खोकायचं आणि गप्प बसायचं. दाढी छातीवर आली. कोणी मुलाखतीला बोलावलं, की वासुदेव आरशात पाहायचे. "हे ध्यान घेऊन कसं जाणार? इंजिन सुरू होऊ दे, इन्शाल्ला." विभावरी ऑइलच्या वासात वह्या तपासायची आणि देव पाण्यात घालून बसायची.

मग अबू धाबीतल्या अल रीम आयलंडच्या एका प्रोजेक्टवरून बोलावणं आलं. रविवारी इंटरव्ह्यू. विभावरीचा जीव टांगणीला लागला. वासुदेव मात्र निवांतपणे लेकीला, सान्वीला, इंजिन समजावत बसले.

"हा कॅम फिरतो आणि व्हॉल्व्हची झडप उघडतो, मिटतो. हा रेसचा मोठा कॅम, व्हॉल्व्ह उशिरा मिटणार. कुकरची शिट्टी उशिरा लावली, की वाफ जाते ना, तसं. मग उरलेलं दाबायला उंच डोक्याचा पिस्टन लागतो. आपला आहे बसका. कम्प्रेशन येणारच नाही. ही जोडी जन्मात जमायची नाही."

सान्वी म्हणाली, "देन व्हाय डिड यू पुट इट, बाबा?"

"टेस्टिंग," वासुदेव म्हणाले आणि पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

विभावरीला असा राग आला, की ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिला आठवलं. दाढी बोटभर होती तेव्हा हा माणूस दोन ठिकाणी जाऊन आला होता. दोन्हीकडून नकार आला आणि त्याच आठवड्यात त्याने गाडीचा मूळचा कॅम काढून हा मोठा घातला. तिला रडू आलं.

शुक्रवारी तिने नवऱ्याला भाजीला पिटाळलं आणि खालच्या गॅरेजमधल्या हारुनला वर बोलावलं. "हारुनभाई, पुराना कॅम वापस डालो."

"लेकिन मॅडम, साब?"

"साब को मैं देख लूँगी. यल्ला, जल्दी करो."

वासुदेव पिशव्या घेऊन दारात आले, तेव्हा विभावरी ओढणी कमरेला खोचून किक मारत होती. दुसऱ्याच किकला इंजिन धडधडलं. काचा थरथरल्या, हॉल धुराने भरला, शेजारची हव्वाबी पाण्याची बादली घेऊन धावत आली. वासुदेवांनी पिशव्या खाली टाकल्या आणि दोन्ही हातांनी दाढी घट्ट धरली.

विभावरीने इंजिन बंद केलं. हव्वाबीला बादलीसकट घरी पाठवलं.

"विभा," वासुदेव हळूच म्हणाले, "परत नाही म्हणाले तर?"

तिने त्यांच्या हातात रेझर दिला. "आधी दाढी करा. नाही म्हणाले, तर मोठा कॅम तांदळाच्या डब्यात ठेवलाय. मी स्वतः बसवून देईन."