विंडिगोला शिंगं कुणी लावली

खिडकीबाहेर बर्फ आहे, म्हणून त्याचं नाव लिहिते. विंडिगो. भुकेच्या हिवाळ्यात माणूस माणसांना खाऊ लागला, की त्याचं जे होतं ते. उन्हाळ्यात आमच्याकडे, इथे पार उत्तरेत, हे नाव घेत नाहीत, त्याची गोष्ट तर नाहीच. बेडूक जागे असतात, ते ऐकतात, आणि ऐकलेलं नको तिथे पोचवतात. तळं गोठलं, जमीन पांढरी झाली, की तोंडं मोकळी होतात. हा नियम मला केझाया काकेकस्पनने शिकवला, कान पिळून.

केझाया आमच्या गावातली सगळ्यांत रागीट बाई. पोरं तिला कोकुम म्हणतात, म्हणजे आजी, पण तिला स्वतःची नातवंडं नाहीत. नवरा होझेया होता तोवर दोघं सापळे लावत रानात हिवाळे काढायची. तो गेल्यावर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं. दुपारनंतर ती घरामागे मूसचं, म्हणजे रानातल्या थोरल्या सांबराचं, कातडं कमावत बसे, आणि कुजक्या लाकडाच्या धुराचा वास तिच्या हातांना बाराही महिने येई. एकदा दुकानाच्या मॅनेजरने काळी पडलेली केळी पूर्ण भावाने विकली. तिने ती सगळी सोलून त्याच्या काउंटरवर मांडली आणि म्हणाली, "खा. मी बघते." त्याने खाल्ली.

जूनमध्ये कॉमिक्सच्या कंपनीचा माणूस विमानाने आला. दक्षिणेतल्या कुठल्या तरी मोठ्या शहरातून. त्यांच्या चित्रमालिकेत एक राक्षस होता, डोक्यावर मूसची शिंगं, हरणाच्या कवटीचा चेहरा, वाघासारखे पंजे. त्याला त्यांनी आमच्या विंडिगोचं नाव दिलं होतं. आता त्याच्यावर वेगळी मालिका निघणार होती आणि तिची सुरुवात 'जिथे तो जन्मला तिथून' करायची होती. त्या बदल्यात आमच्या मुलांच्या हॉकी संघाला नव्या कोऱ्या जर्सी मिळणार होत्या. चीफ, म्हणजे आमचा गावप्रमुख, खूश होता. सभागृहात चहा, बॅनॉकची जाड भाकरी, तळलेला व्हाइटफिश मासा, सगळं होतं.

त्या माणसाने केझायाला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि फार आदराने विचारलं, "याची खरी गोष्ट तुम्ही सांगाल का?"

दारं उघडी होती. दलदलीतून बेडकांचा नुसता कल्लोळ चालला होता. केझायाने दाराकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत म्हणाली, "बेडूक ओरडतायत."

गावातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. नाही, सांगणार नाही, आणि तूही तोंड मिटून बस. चीफने मात्र शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं आणि त्यामागचा अर्थ गिळून टाकला. त्या माणसाचे डोळे चमकले. त्याने ते टिपून घेतलं. मग तिच्या शेजारी त्या राक्षसाचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा करून फोटो काढला. ती हलली नाही, बोललीही नाही. आमच्यात पाहुण्याला चारचौघांत 'नाही' म्हणत नाहीत, गप्प बसतात. ज्याला कळायचं त्याला कळतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला विमानातून कंपनीची खोकी उतरली. जर्सी, रबरी मुखवटे आणि नवा अंक. पहिल्या पानावर केझायाचा फोटो, खाली लिहिलेलं, 'जमातीच्या ज्येष्ठांच्या आशीर्वादाने.' आणि आत, राक्षस येण्याआधी प्रत्येक वेळी बेडूक ओरडत होते.

ती अंक हातात घेऊन चीफच्या घरी गेली. मी शाळेतून परतत होते, तिने मलाही ओढलं. "मास्तरीण, चल. वाचायला कुणीतरी हवं."

"केझाया, पोरांच्या जर्सी बघितल्यास का? कसल्या झकास आहेत," चीफ म्हणाला.

"तुझं नाक मी पुसलंय, एलायजा. तेव्हाही तू असाच हसायचास, नाक गळत असताना. मी आशीर्वाद दिला?"

"तू नाहीही नाही म्हणालीस."

"बेडूक ओरडतायत म्हणाले."

"अगं, त्याला काय कळणार ते?"

"त्याला नाही. तुला." तिने अंक टेबलावर आपटला. "वाच गं शेवटचं पान."

मी वाचलं. शेवटच्या पानावर नायक जळत्या ओंडक्यासमोर उभा राहून म्हणतो, 'जो एकदा विंडिगो झाला, तो पुन्हा माणूस होत नाही. त्याला फक्त जाळता येतं.'

केझायाचा चेहरा काळवंडला. ती काही बोलायला गेली, खिडकीबाहेर पाहिलं. जमीन अजून तपकिरी होती. तिने ओठ दाबले.

"सांगून टाक ना काय ते," चीफ वैतागला. "हल्ली कोण पाळतंय नियम?"

"मी पाळते. म्हणून तर नियम होता हे तुला आठवतंय."

हा सगळा राग फोटोपुरता असता तर मी लिहायला बसले नसते. त्याच सुमाराला अँगस परत आला होता.

अँगस केझायाच्या बहिणीचा मुलगा. माय मरो, मावशी उरो म्हणतात, तसाच तो वाढला, केझायाच्या शिव्या आणि केझायाचं मटण खात. मग शहरात गेला. तिथे त्याला काय काय लागलं ते गावाला ठाऊक आहे, मी पुन्हा उगाळत नाही. परतला तेव्हा हाडांवर नुसता कोट टांगल्यासारखा दिसत होता. एका थंडीत रस्त्यावर झोपल्याने त्याच्या वरच्या ओठाचा तुकडा गेला होता, दात उघडे दिसत. खायला बसला की थांबत नसे, आणि मग दोन दिवस काहीच खात नसे.

पोरांना खेळ मिळाला. मुखवटे घालून ती त्याच्या मागे फिरत. पुढे असायची टॅनिस, हॉकी संघाची कर्णधार, गावातली सगळ्यांत वेगवान मुलगी. "अँगस, आज कुणाला खाल्लंस?" मग शेवटच्या पानावरचं ते वाक्य सगळी एका सुरात म्हणत. पाठ झालं होतं त्यांचं. कविता कधी इतक्या लवकर पाठ झाली नाही.

केझायाने शाळेच्या जेवणघरात टॅनिसला पकडलं. "तो तुझा काका लागतो."

"गंमत करतो आम्ही, कोकुम. पुस्तकातच आहे तसं."

"पुस्तकात खोटं आहे."

"मग खरं काय ते सांग."

डाव तिच्या हातात होता आणि तो सोडणं तिला भाग होतं. "बर्फ पडू दे," ती म्हणाली. पोरं हसली.

त्याच आठवड्यात अँगस तळ्यापलीकडच्या होझेयाच्या जुन्या खोपीत राहायला गेला. केझाया बोटीने जेवण घेऊन गेली, मीही बरोबर होते. त्याने दार अर्धंच उघडलं.

"नको आणूस, मावशी. उगाच वाया."

"तोंड बघ आरशात. मेलेल्या माशाला तुझ्यापेक्षा रंग असतो."

"लिहिलंय ना त्यात," तो शांतपणे म्हणाला. "परत येता येत नाही."

परतताना तिने इतक्या जोरात वल्ही मारली की मला धड बसता येईना. रडत होती का ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने मला पाण्यात ढकललं असतं.

मग तळं गोठायला लागलं. हा काळ वाईट. बोट जात नाही आणि बर्फावर पाय ठेववत नाही. केझाया रोज सकाळी काठावर उभी राहून पलीकडचा धूर बघायची. धूर असे, पण दिवसेंदिवस पातळ. नर्सच्या दवाखान्यातून हेलिकॉप्टर मागितलं, तर माणूस आजारी असल्याचा पुरावा मागितला गेला. तिने फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. मग थंडी कडक पडली, आणि त्यामागून बर्फ पडून जमीन पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी ती लोखंडी पहार घेऊन एकटी तळ्यावर गेली, ठोकत ठोकत पलीकडच्या काठाजवळ पोचली, तिथला बर्फ धरायला आणखी एक रात्र लागेल हे पाहून वाट पारखून परतली. त्याच्या पुढच्या सकाळी धूर दिसला नाही.

ती घरी गेली नाही, चीफकडेही नाही. थेट मैदानावर आली. पोरं नव्या जर्सी घालून सराव करत होती, छातीवर त्या राक्षसाची शिंगं.

"चला," ती म्हणाली.

"कोकुम, शनिवारी सामना आहे," टॅनिस म्हणाली.

"बर्फ पडलाय. खरं ऐकायचं होतं ना? चला, आहात तशीच. मास्तरीण, तू शेवटी राहा, कुणी रेंगाळलं तर लाथ घाल."

तिच्या पाठीवर एक गाठोडं होतं. अंतर सोडून, एकामागे एक, आम्ही तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेलो. बर्फ अधूनमधून खोल आवाजात कण्हत होता.

खोपीत चूल थंड होती. अँगस कोपऱ्यात पांघरुणात होता, डोळे उघडे. आम्हाला पाहून त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"पोरांना आत आणू नकोस, मावशी."

"का?"

"मला ती नीट दिसत नाहीत."

"कशी दिसतात?"

"केसाळ. गुबगुबीत. बीव्हरसारखी."

केझाया हातातलं गाठोडं घेऊन जागच्या जागी थांबली. विंडिगो होऊ लागलेल्याला माणसं बीव्हर, म्हणजे आम्ही सापळ्यात धरून खातो ती तळ्यातली जनावरं, दिसतात, हे त्या पुस्तकात नव्हतं. पोरांना ते कळलं, कारण सगळी मागे सरकली. मला वाटलं आता केझाया त्यांना बाहेर काढेल. तिने दार लावून घेतलं.

"टॅनिस, चूल पेटव. बाकीच्यांनी बसा. त्याच्याजवळ बसा म्हणतेय, तो काही तुम्हाला चावत नाही, दात बघा त्याचे, भाकरी तुटत नाही त्यांनी."

अँगसच्या घशातून आवाज आला. हसला असावा.

गाठोड्यात मूसच्या चरबीचा मोठा गोळा होता. तिने तो टोपात टाकला, टोप चुलीवर ठेवला, आणि चरबी वितळेपर्यंत गोष्ट सांगितली. गोष्ट कसली, तिच्या आईच्या लहानपणचा एक हिवाळा. त्या साली ससे संपले. मूस दिसेनात. तिच्या आईची थोरली बहीण मरायाने आपल्या दोन्ही लेकरांना पुरलं, आणि मग ती इतरांच्या लेकरांकडे एकटक बघायला लागली. म्हणाली, तंबूत बीव्हर शिरलेत. तिच्या काळजात बर्फ धरला होता.

"मग?" एका पोराने विचारलं. "जाळलं तिला?"

"कुऱ्हाड काढली होती पुरुषांनी," केझाया म्हणाली. "असं व्हायचं कधी कधी, खोटं सांगत नाही. पण माझी आजी मध्ये उभी राहिली. म्हणाली, आधी टोप. घरात अस्वलाची चरबी उरली होती, तेवढीच, सगळ्यांसाठी. ती सगळी वितळवली आणि मरायाला पाजली. गरम, जितकी सोसेल तितकी. ती ओकली. पुन्हा पाजली. बाकीच्यांनी झाडाची साल उकळून खाल्ली आणि तिला धरून बसले. कुणी उठून गेलं नाही. हे औषध आहे. चरबी अर्धी, आणि उठून न जाणं अर्धं."

"मग ती वाचली?"

"मी जन्मले तेव्हा रानात दाई कुठली? मराया होती. मी तिच्या हातात पडले." तिचा आवाज चढला. "तिला जाळली असती तर मी जमिनीवर पडले असते. कळलं का, परत येता येत नाही म्हणणाऱ्यांनो?"

तिने कप भरला आणि अँगसच्या तोंडाला लावला.

"पुस्तकात..." तो म्हणाला.

"ते लिहिणाऱ्याला आयुष्यात कधी भूक लागलेली नाही. पी."

तो प्यायला, ओकला, तिने पुन्हा भरला. टॅनिसने त्याचं डोकं धरलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या कपानंतर तो मागे रेलला आणि डोळे मिटून म्हणाला, "मीठ तरी घालायचंस, मावशी."

"जीभ आली परत," केझाया म्हणाली आणि आमच्याकडे पाठ केली.

एका धाकट्या पोराने बऱ्याच वेळाने विचारलं, "आणि कोकुम, शिंगं?"

"शिंगं मूसला असतात. ज्याला शिंगं असतात त्याला आपण खातो, तो आपल्याला खात नाही. विंडिगोला शिंगं नसतात रे. त्याला तोंड असतं, आपल्यासारखं. म्हणून तर भीती वाटते."

अँगस संध्याकाळपर्यंत पोरं ओळखू लागला, नावानिशी. दोन दिवसांनी त्याला बर्फावरच्या घसरगाडीवर घालून आणलं. तो बरा झाला असं मी लिहिणार नाही. तो जिवंत आहे, केझायाची लाकडं फोडतो आणि तिच्या शिव्या खातो.

शनिवारच्या सामन्यात टॅनिस जर्सी उलटी घालून उतरली. मग सगळ्यांनीच उलट्या घातल्या. कंपनीने चीफला विचारणा केली, फोटोत चिन्ह का दिसत नाही. चीफ म्हणाला, "इथे आता बर्फ आहे. सांगू का?" त्यांना ते कळलं नाही. चीफने या वेळीही समजावून सांगितलं नाही, पण या वेळी ते आम्हाला आवडलं.

मालिका अजून चालू आहे. विमानातून अंक येतात, मी ते मुलांच्या आधी वाचते. दर अंकाच्या शेवटी त्याला जाळतात, दर अंकात तो नव्या शिंगांनी उठतो, आणि पहिल्या पानावर अजून केझायाचा फोटो असतो. राक्षस त्यांनी उचलून नेला. औषध इथेच राहिलं. इतक्या अंकांत एकदाही, कुठल्याही चौकटीत, कुणी चुलीवर टोप ठेवलेला मी पाहिला नाही.